जत्रेचा फड की केसरी? मिनिएचरच्या राष्ट्रीय स्पर्धा आणि परदेशी पेंटर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सांगलीचा. दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमजवळ राहतो, फावल्या वेळात वॉरहॅमर या टेबलावरच्या युद्धखेळाची मिनिएचर्स रंगवतो. आमच्या क्लबात सध्या वाद पेटलाय. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या स्पर्धांत स्पेन, फ्रान्स, पोलंडचे लोक येतात आणि बक्षिसं घेऊन जातात, त्यांना बंदी हवी असं निम्म्या लोकांचं म्हणणं. मला विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, कारण मी स्वतःच इथे व्हिसावर आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि मी उतरावं का?"

तुम्ही गप्प का बसलात, त्यातच खरा प्रश्न आहे. क्लबवाले 'परदेशी' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर विमानातून उतरणारा स्पॅनिश पेंटर असतो, शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांच्याच बाटलीतला रंग वापरणारे तुम्ही नसता. पण नियम कागदावर उतरला की तो तुम्हालाही लागू होतो. तेव्हा 'परदेशी चालतील का' याच्या आधी विचारायला हवं की ही स्पर्धा नेमकं काय शोधायला भरवली आहे.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी: इथे मिनिएचर म्हणजे किशनगड-बशोलीची लघुचित्रं नव्हेत. प्लास्टिकच्या, रेझिनच्या किंवा धातूच्या छोट्या मूर्ती, बहुतेक २८ मिलीमीटर मापाच्या, ज्यांचा चेहरा जेमतेम चार-पाच मिलीमीटरचा असतो. त्या ब्रशने रंगवायच्या. मी पेणचा. काकांच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी बघत मोठा झालो, त्यामुळे डोळे रंगवायची भीती मला कधी वाटली नाही. बाकी सगळं इथे इंग्लंडात येऊन शिकलो. वीसेक वर्षं रंगवतोय, आठ-दहा लहान क्लब-प्रदर्शनांत परीक्षक म्हणून टेबलाभोवती फिरलोय. मोठ्या स्पर्धांत मात्र मी कायम टेबलाच्या अलीकडच्या बाजूलाच होतो, तेव्हा माझं म्हणणं त्या बेतानं घ्या.

तुमच्या क्लबातला वाद जुना आहे. वॉरहॅमर काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीची गोल्डन डीमन ही मूर्ती रंगवण्याची स्पर्धा १९८७ साली ब्रिटनमध्ये सुरू झाली. पुढे कंपनीचा पसारा वाढला तशी फ्रान्स, जर्मनी, स्पेन, इटली, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशी ठिकठिकाणी आपापली गोल्डन डीमन भरू लागली. गटवार सोनेरी, रुपेरी आणि काशाचे डीमन, आणि सगळ्या गटांत जे सर्वोत्तम ठरेल त्याला स्लेयर स्वोर्ड, म्हणजे दोन्ही हातांनी धरून फोटो काढावा अशी खरीखुरी तलवार. नाव देशाचं, पण दारात पासपोर्ट कुणी बघत नव्हतं. तिकीट काढायचं, सकाळी मूर्ती टेबलावर द्यायची, संध्याकाळी निकाल. मग स्वस्त विमानं आली. शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री घरी परतता येऊ लागलं आणि युरोपभरचे चांगले पेंटर एकमेकांच्या देशांत जाऊ लागले. 'यूके' हा शब्द स्पर्धा कुठे भरते ते सांगत होता. ऐकणाऱ्याला मात्र वाटायचं की जिंकणारा कुठला असेल ते सांगतोय. सगळं भांडण या एका शब्दावरून झालेलं आहे.

तुम्ही सांगलीचे, म्हणून कुस्तीवरून सांगतो. महाराष्ट्र केसरीला पैलवान कसा जातो? आधी तालीम, मग जिल्ह्याची निवड चाचणी, मग राज्याची गादी नाहीतर माती. तिथे हरियाणाचा मल्ल उतरत नाही आणि त्यात कुणाला अन्याय वाटत नाही, कारण किताबातच महाराष्ट्र आहे आणि त्या नावामागे जिल्ह्याजिल्ह्यातून आलेली साखळी आहे. आता गावच्या जत्रेचा फड बघा. एक नंबरच्या कुस्तीला पंजाबचा किंवा हरियाणाचा मल्ल आणला तर गावकरी त्याचा फोटो बॅनरवर मोठ्ठा छापतात. तो जिंकला तरी इनाम आणि फेटा घेऊन जातो, गावाची इज्जत घेऊन जात नाही. शाहू महाराजांनी तर पंजाबचे मल्ल मुद्दाम कोल्हापुरात आणवले. बाहेरच्यांच्या डावांनी आपल्या तालमी बिघडल्या असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

गोल्डन डीमन हा फड होता. जिल्ह्याची चाचणी नाही, संघनिवड नाही, क्लबातून कुणी पाठवत नाही. जो आला तो उतरला. अशा ठिकाणी जिंकणाऱ्याला 'ब्रिटनचा सर्वोत्तम पेंटर' म्हणायला लागलो तर तो ब्रिटिश असला तरीही खोटंच आहे, कारण निम्मे ब्रिटिश पेंटर त्या दिवशी घरी बसलेले असतात. म्हणून माझं उत्तर असं: स्पर्धा फडासारखी असेल तर परदेशी पेंटर यायलाच हवेत. ती खरोखर केसरीसारखी असेल, निवडीतून वर आलेली असेल, तर त्या किताबाचं दार स्थानिकांपुरतं ठेवायला माझी हरकत नाही. फड भरवून त्याला केसरीचं नाव द्यायचं आणि मग बाहेरच्यांवर चिडायचं, हे मात्र चालणार नाही.

यात परिस्थितीनुसार फरक पडतो, तोही सांगतो. वर्गणीवर चालणाऱ्या क्लबाचं वार्षिक प्रदर्शन असेल, करंडक एखाद्या दिवंगत सभासदाच्या नावानं असेल, तर तो सभासदांपुरताच असावा. तिथे परका म्हणजे पलीकडच्या गावातलाही परका. लहान मुलांच्या गटात मी अजिबात वाद घालणार नाही, तो जवळच्या मुलांचाच राहू द्या. मोठी रोख रक्कम असेल तर सगळी गणितंच बदलतात. अमेरिकेत क्रिस्टल ब्रश नावाची स्पर्धा काही वर्षं भरायची, तिच्या सर्वोच्च बक्षिसाची रक्कम १०,००० डॉलर होती. एवढी रक्कम लावली की जगभरचे लोक येणारच, त्यासाठीच ती लावलेली असते. तिथे 'हे आमच्या मातीतलं' असं म्हणण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू. क्लबातल्या चिडलेल्या लोकांना मी मूर्ख समजत नाही. आमच्या क्लबात एक जण होता, पेशानं प्लंबर. अकरा महिने एका घोडेस्वारावर घालवले त्यानं. रात्री मुलं झोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर तास-दीड तास. मूर्ती कपाटापर्यंत गेली, म्हणजे अंतिम फेरीत, आणि तिथे थांबली. वरची तिन्ही बक्षिसं बाहेरून आलेल्यांना. परतीच्या गाडीत तो एवढंच म्हणाला, "मला माहितेय ते चांगले होते. पण मला काशाचा हवा होता." त्यानंतर त्यानं स्पर्धेत मूर्ती ठेवली नाही. बाहेरच्यांमुळे पातळी उंचावते असं मीही म्हणतो, पण ती उंचावताना कुणीतरी सुटतं, आणि सुटणारा बहुधा असाच असतो.

माझं स्वतःचं उलटं झालं. बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन-केंद्रात पहिल्यांदा मूर्ती घेऊन गेलो, ती पहिल्या चाळणीतच बाजूला पडली. चिडायलाही वाव नव्हता, कारण मी अंतिम कपाटासमोर उभा राहून काच धुरकट करत होतो. तिथे एक तलवार होती, धातूसारखी चकाकणारी, आणि तिच्यात धातूचा रंग नव्हताच. करडा, निळसर, पांढरा, एवढ्यावर भागवलेलं. नॉन-मेटॅलिक मेटल हा शब्द तोवर मी नुसता ऐकला होता. फ्रान्समध्ये त्या काळी रॅकहॅम नावाची कंपनी होती, तिच्या मूर्तींवर हे काम जोरात चालायचं, आणि तिथले पेंटर ते सगळीकडे घेऊन फिरत. इंग्लंडातली शाळा वेगळी: स्वच्छ सपाट रंग, प्रत्येक कडेवर बारीक उजळ रेघ, लांबून ओळखू यावं असं. दोन्ही एका कपाटात शेजारी बघितल्याशिवाय आपण कोणत्या शाळेत शिकलोय हे आपल्याला कळतच नाही. मासा आणि पाणी, तसलं काहीतरी. त्या दिवशी मी तासभर तिथे उभा होतो, आणि पुढचं वर्षभर फक्त एक तलवार रंगवत होतो. पुन्हा पुन्हा, पांढऱ्या प्रायमरवर.

परीक्षणाबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण 'परदेशी लाट' या कल्पनेत त्या गाळल्या जातात. छोट्या प्रदर्शनांत आम्ही करतो ते असं: आधी टेबलावरून एक फेरी, हातभर अंतरावरून. जी मूर्ती लांबून डोळा खेचत नाही ती तिथेच मागे राहते, मग तिच्या बुबुळात तुम्ही खिडकीचं प्रतिबिंब काढलेलं असो. दुसऱ्या फेरीत जवळून: साच्याची रेघ राहिली आहे का, प्रायमर खरखरीत बसलाय का, ब्रशचे फटकारे दिसतात का, उजेड एकाच बाजूनं येतोय का, तळ मूर्तीशी बोलतोय का. तिसऱ्या फेरीत भांडण, चहा, आणि परत भांडण. नावाची चिठ्ठी उलटी असते; पेंटर कुठला हे कागदावरून कळत नाही.

पण हातावरून कळतं. आणि इथे बाहेरच्याला फायदा नसतो, बऱ्याचदा तोटा असतो. स्थानिक परीक्षकाचा डोळा स्थानिक शैलीला सरावलेला असतो. गडद, मळकट, गंजलेली, कडांवर रेघ नसलेली मूर्ती एखाद्या परीक्षकाला 'अर्धवट' वाटते; तीच दुसऱ्याला 'आता खरी वाटतेय'. एका प्रदर्शनात मी स्वतः अशी एक मूर्ती मागे ठेवली. दुसऱ्या परीक्षकानं ती परत पुढे आणली आणि मला दहा मिनिटं तिच्यासमोर उभं केलं. तो बरोबर होता. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर ती मूर्ती आणणारा परत आला नसता, आणि आम्हाला कधी कळलंही नसतं.

शिवाय प्रवास. घरून गाडीत मांडीवर डबा घेऊन येणारा आणि विमानानं येणारा यांच्यात फरक आहे. सुरक्षा तपासणीत डबा उघडायला लावतात, कुणीतरी हातमोज्यानं भाला धरून उचलतं. हॉटेलच्या खोलीत पिवळ्या दिव्याखाली तुटलेलं मनगट चिकटवून त्यावर परत रंग जुळवणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. तरीही जो येतो आणि जिंकतो, त्यानं ते बक्षीस फुकट नेलेलं नाही.

मग खरी तक्रार कशाबद्दल आहे? माझा अनुभव असा की खोलात विचारलं तर लोक देशाबद्दल बोलतच नाहीत. 'तो दिवसाचे आठ तास रंगवतो, त्याचा पोटापाण्याचा धंदाच तो आहे' हे एक. 'हीच मूर्ती तीन ठिकाणी जिंकून आली आहे' हे दुसरं. दोन्ही तक्रारी रास्त आहेत, आणि दोन्हींचा पासपोर्टशी संबंध नाही. लंडनचा व्यावसायिक पेंटर तुमच्या क्लबाला तेवढाच जड जाईल. पहिलीवर उपाय म्हणजे पातळीप्रमाणे गट करणं; युरोपातल्या बऱ्याच प्रदर्शनांत मास्टर आणि स्टँडर्ड असे वेगळे गट असतात. दुसरीवर एक ओळ पुरते: आधी बक्षीस मिळालेली कृती पुन्हा स्पर्धेत नाही. तुमच्या क्लबाला बंदी घालायचीच असेल तर इथे घाला.

यापेक्षाही चांगला मार्ग ऐतिहासिक मूर्ती रंगवणाऱ्या मंडळींनी केव्हाच शोधलाय. आपण वॉरहॅमरवाले त्यांना म्हातारे समजतो, पण ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी १९३५ पासून चालू आहे, तेव्हा त्यांना थोडं कळत असेल. अमेरिकेत शिकागोच्या प्रदर्शनात, युरोपात इटलीच्या मोंते सान साविनोमध्ये किंवा नेदरलँड्सच्या स्केल मॉडेल चॅलेंजमध्ये जी खुली पद्धत चालते तिच्यात तुमची मूर्ती शेजारच्या मूर्तीशी लढत नाही, ठरलेल्या दर्जाशी लढते. सुवर्णाच्या दर्जाची असेल तर सुवर्ण. अशा पाच असतील तर पाच सुवर्णं, एकही नसेल तर एकही नाही. आपल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांसारखं समजा: शेजारच्या बाकावरच्या मुलाला ए मिळाला म्हणून तुमचा ए जात नाही. आमच्या प्लंबर मित्राला अशा ठिकाणी काशाचं पदक नक्की मिळालं असतं, स्पॅनिश पाहुणे आले असते तरी. या पद्धतीत परदेशी माणूस तुमचं काही हिरावून घेत नाही, म्हणून त्याच्याशी बोलायलाही जड जात नाही. वर्ल्ड मॉडेल एक्स्पोसारख्या ठिकाणी, जसं २०२२ मध्ये फेल्डहोफनला, जगभरचे लोक येतात ते निम्मं बोलण्यासाठीच.

गेम्स वर्कशॉपच्या पद्धतीत हे बसत नाही, तिथे पहिला-दुसरा-तिसरा हवाच. तलवार एकच आहे. तिथे मी एवढंच सुचवेन की मुख्य बक्षिसं सगळ्यांना खुली ठेवावीत आणि त्याच मूर्तींतून स्थानिकांपैकी सर्वोत्तम मूर्तीला वेगळा करंडक द्यावा. वेगळा गट नको, वेगळं टेबल नको. वेगळ्या टेबलाला लगेच दुय्यम दर्जाचा वास येतो. आणि 'स्थानिक' कोण ते राहण्यावरून ठरवावं: वर्षभर इथे राहता, इथल्या क्लबात रंगवता, तर तुम्ही स्थानिक. पासपोर्टवरून ठरवलं तर तीस वर्षं स्पेनमध्ये राहून तिथेच शिकलेला इंग्रज 'आपला' ठरतो आणि बर्मिंगहॅमला शिकलेले तुम्ही 'बाहेरचे'. हाताला पासपोर्ट नसतो. हात जिथे घडतो तिथला असतो.

एक खंत इथे नोंदवून ठेवतो. 'सर्वांना खुली' हे वाक्य म्हणायला सोपं आहे. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता त्या वर्षांत इटलीच्या एका प्रदर्शनाला जायचं ठरवलं होतं. मूर्ती तयार, डबा तयार, शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या व्हिसाच्या, अपॉइंटमेंटची तारीख प्रदर्शनानंतरची. क्लबातला जर्मन मित्र गुरुवारी ठरवून शुक्रवारी निघाला. माझी मूर्ती तोच घेऊन जाणार होता, पण स्वतः हजर राहून द्यायची अट होती. पुण्या-मुंबईत बसून उत्तम रंगवणारी मुलं मला ठाऊक आहेत, त्यांच्यासाठी ही दारं नियमानं उघडी आणि व्यवहारात बंद आहेत. त्यामुळे परदेशी पेंटर फार झाले म्हणून कुणी कुरकुरतं तेव्हा मला मनात वाटतं, अजून आलेत कुठे सगळे!

आता तुमचं. उतरा. क्लबात काय सांगायचं हा प्रश्न असेल तर इतकंच सांगा की तुम्ही भाग घेणार आहात, आणि नियम करायचा असेल तर तो तुमच्याकडे बघून करा. समोरच्या माणसाकडे बघून केलेले नियम बहुतेक वेळा बरे होतात. रोख बक्षीस असेल तर तेवढ्या आपल्या व्हिसाच्या अटी आधी वाचून घ्या.

पहिल्या वेळी एकट्या मूर्तीच्या गटात जा, डायोरामाच्या, म्हणजे अख्ख्या देखाव्याच्या, मोहात पडू नका. सगळं बळ चेहऱ्यावर आणि उजेडाच्या दिशेवर लावा. मूर्ती हातभर अंतरावर ठेवून मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढा, त्यात चेहरा हरवला तर अजून काम बाकी आहे. साच्याच्या रेघा प्रायमर मारायच्या आधी काढा. हे सगळे सांगतात आणि तरी प्रत्येक टेबलावर निम्म्या मूर्तींच्या खांद्यावरून रेघ जातेच. तळाखाली चुंबक चिकटवा आणि बिस्किटांच्या लोखंडी डब्यात पत्र्यावर उभी करून न्या; फोममध्ये झोपवून नेलेल्या मूर्तीचा वार्निश घासतो. सोबत एक बारीक ब्रश, सुपरग्लू आणि मुख्य तीन-चार रंगांचे थेंब छोट्या बाटल्यांत ठेवा. आणि निकालाआधी कपाटाजवळ जाऊन ज्याची मूर्ती तुम्हाला कळत नाहीये तो माणूस शोधून काढा, त्याला विचारा ती सावली कशात मिसळली. इंग्रजी दोघांचीही दुसरी-तिसरी भाषा असेल, तरी चालतं. मला त्या तलवारीचं उत्तर एका फ्रेंच माणसानं पावतीच्या पाठीमागे पेन्सिलनं रेघा ओढून दिलं होतं. पावती अजून माझ्या रंगांच्या खणात आहे.